गैरसोयीची गाडी लोकांना का आवडते? चॉपर, तिचे मेळावे आणि संशोधनाचा प्रश्न

एक गाडी डोळ्यांसमोर आणा. मागे शॉकअॅब्सॉर्बर नाही, म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट कंबरेत. पुढचं मडगार्ड नाही, म्हणजे पावसात चिखल तोंडावर. पेट्रोलची टाकी इतकी छोटी की दर थोड्या अंतरावर पंप शोधायचा. हँडल खांद्याच्या वर, त्यामुळे तासाभरात हात अवघडणार. सेल्फ स्टार्ट नाही; किक मारायची, आणि इंजिनाचा मूड नसेल तर मारतच राहायची. एवढं करून ही गाडी शोरूममधल्या नव्या गाडीपेक्षा महाग पडू शकते, आणि ती बनवण्यात माणसाची दोन-तीन वर्षं सहज जातात.

हिला म्हणतात चॉपर. आणि जगभरात हजारो लोक तिच्यासाठी वेडे आहेत.

आता तुम्ही म्हणाल, पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांनी हे कशाला वाचायचं? कारण 'लोकांना ही गोष्ट का आवडते?' हा सामाजिक शास्त्रांतला सगळ्यात सोपा वाटणारा आणि सगळ्यात जास्त फसवणारा प्रश्न आहे. दरवर्षी कितीतरी सिनॉप्सिस 'अमुकचे आकर्षण : एक अभ्यास' अशा शीर्षकाने येतात आणि पहिल्याच मुलाखतीत अडकतात. 'आकर्षण' मोजायचं कसं, कोणाला विचारायचं, उत्तरावर विश्वास किती ठेवायचा? चॉपर हे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे. गाडी समोर दिसते, तिचा इतिहास माहीत आहे, तिच्यावर चांगलं संशोधन झालेलं आहे, आणि तिच्याभोवती दंतकथाही भरपूर आहेत. चला, एकेक थर काढू.

आधी वस्तू नीट बघा

'चॉप' म्हणजे कापणे. चॉपर म्हणजे कापलेली गाडी. मूळ अमेरिकेचं, त्यातही जास्त करून कॅलिफोर्नियाचं.

कापाकापीची सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच झाली होती. शर्यतीच्या गाड्या बघून लोक आपल्या जड हार्ली आणि इंडियन गाड्यांची मडगार्ड छाटायचे, नको ते भाग काढून टाकायचे. हेतू साधा होता : वजन कमी, वेग जास्त. अशा गाडीला 'बॉबर' म्हणत. युद्धात हार्ली-डेव्हिडसनने लष्करासाठी ९० हजारांच्या आसपास मोटरसायकली बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या पुष्कळ स्वस्तात विकल्या गेल्या. त्याच वेळी घरी परतलेल्या तरुण सैनिकांकडे थोडे पैसे होते, यंत्रं हाताळायची सवय होती आणि बराच मोकळा वेळ होता.

पुढे १९५०-६० च्या दशकांत हेतू बदलला. वेग मागे पडला, दिसणं पुढे आलं. फोर्क लांब झाले, हँडल उंच झाली, बारीक टाकी आली, सीटच्या मागे 'सिसी बार' नावाची उंच दांडी आली, क्रोम आणि रंगकाम आलं. बॉबरमध्ये मुख्यतः काढून टाकणं होतं. चॉपरमध्ये काढून टाकणं अधिक नवीन जोडणं आलं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता 'ओल्ड स्कूल' म्हणजे काय? साधारणपणे मागे सस्पेन्शन नसलेली फ्रेम, म्हणजे हार्डटेल, आणि जुनं इंजिन. या इंजिनांची नावंसुद्धा लोकांनी झाकणाच्या आकारावरून पाडली : १९३६ ते ४७ चं 'नकलहेड' (बोटांच्या पेरांसारखं), १९४८ ते ६५ चं 'पॅनहेड' (उलट्या तव्यासारखं), १९६६ पासूनचं 'शॉव्हलहेड' (फावड्यासारखं). हार्लीने आपल्या मोठ्या गाड्यांना मागचं सस्पेन्शन १९५८ मध्ये दिलं. म्हणजे त्याआधी हार्डटेल ही निवड नव्हती, गाडीच तशी यायची. १९५८ नंतर जो माणूस हार्डटेल चालवतो, तो ती निवडून चालवतो.

पहिला धडा इथेच मिळतो. एकच वस्तू, पण कालपरत्वे तिचा अर्थ वेगळा. 'लोक हार्डटेल वापरतात' हे विधान १९५० साली आणि २०२० साली सारखं नसतं. पर्याय कोणते उपलब्ध होते हे कळल्याशिवाय आवडीबद्दल काहीही बोलता येत नाही.

थोडं गणित : लांब फोर्कने नेमकं होतं काय?

सामाजिक शास्त्रवाल्यांनो, हा भाग गाळू नका. वस्तूचा अभ्यास करायचा तर ती चालते कशी हे कळायला हवं.

मॉलमधल्या ट्रॉलीचं चाक बघा. चाक फिरतं तो खांब पुढे आणि चाक जमिनीला टेकतं ती जागा मागे. म्हणून ढकलल्यावर चाक आपोआप सरळ होतं. मोटरसायकलच्या पुढच्या चाकातही हेच असतं. हँडलचा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला जिथे भेटतो, ती जागा चाक टेकतं त्या जागेच्या पुढे असते. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे 'ट्रेल'. ट्रेल जास्त, तर गाडी सरळ जायला हट्टी.

ट्रेल काढायचं सूत्र शब्दांत असं : चाकाची त्रिज्या गुणिले झुकावाच्या कोनाची साइन, त्यातून फोर्कचा ऑफसेट वजा, आणि येईल त्याला त्याच कोनाच्या कोसाइनने भागा. कोन उभ्या रेषेपासून मोजायचा.

ढोबळ आकडे घेऊ. त्रिज्या ३४ सेंमी, ऑफसेट ६ सेंमी. नेहमीच्या गाडीचा कोन ३० अंश धरला तर ट्रेल येतो साधारण १२.७ सेंमी. चॉपरसाठी कोन ४५ अंश केला, बाकी सगळं तेच ठेवलं, तर ट्रेल येतो साधारण २५.५ सेंमी. सरळ दुप्पट!

परिणाम काय? मोकळ्या, सरळ हायवेवर गाडी रुळावर असल्यासारखी जाते. पण गल्लीत, सिग्नलला, यू-टर्न घेताना हँडल जड होतं आणि चाक एका बाजूला पडायला बघतं. म्हणून जाणकार कारागीर नुसता फोर्क लांब करत नाहीत, ट्रेल आटोक्यात राहील अशी जोडणीही करतात. लॉस एंजेलिसचे शुगर बेअर हे ज्येष्ठ कृष्णवर्णीय कारागीर नेमके यासाठी ओळखले जातात : त्यांचे स्प्रिंगर फोर्क प्रचंड लांब असतात, तरी गाडी वळवता येते.

यातून काय कळलं? 'चॉपर चालवायला भयंकर असते' हे सरसकट खरं नाही. वाईट बनवलेली चॉपर भयंकर असते. आणि चांगली-वाईट यातला फरक ज्याला दिसतो, तोच या जगात जाणकार ठरतो. बाहेरच्याला जी नुसती विचित्र गाडी दिसते, तिच्यात आतल्या माणसाला वेल्डिंग, कोन, प्रमाण, सगळं वाचता येतं. आवडीचा बराच भाग या वाचता येण्यात आहे. आपण शास्त्रीय संगीताच्या मैफलीत 'वाह' कुठे म्हणायचं हे शिकतो, तसंच हे.

मग संशोधकांनी काय उत्तरं दिली?

तीन कामं सांगतो. तिन्ही चॉपरबद्दलच आहेत असं नाही, पण प्रश्न तोच आहे.

*पहिलं, पॉल विलिस.* यांचं 'प्रोफेन कल्चर' हे पुस्तक १९७८ मध्ये आलं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कामगार वर्गातल्या मोटरसायकलवाल्या पोरांचा हा अभ्यास. विलिस यांचं म्हणणं असं की या पोरांच्या आवडी सुट्या-सुट्या नव्हत्या. मोठा आवाज करणारी गाडी, हेल्मेट नाकारणं, सुरुवातीचं रॉक अँड रोल, तेही लांब एलपीऐवजी छोट्या सिंगल रेकॉर्डवर. या सगळ्यांत एक समान घाट होता : ठोस, तात्काळ, अंगाने अनुभवायचं. जगण्याची धारणा आणि वस्तू यांच्यातल्या या जुळणीला त्यांनी 'होमॉलॉजी' म्हटलं. म्हणजे गाडी का आवडते हे नुसत्या गाडीकडे बघून कळत नाही. त्या माणसाच्या बाकीच्या आवडींसोबत ठेवून बघावं लागतं.

*दुसरं, शाउटन आणि मॅकअलेक्झांडर.* १९९५ मध्ये 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मध्ये त्यांचा लेख आला. विषय अमेरिकेतले नवे हार्लीवाले. तीन वर्षांचं फील्डवर्क. सुरुवातीला बाहेरून बघणारे हे दोघे हळूहळू स्वतः गाडी घेऊन आत गेले. त्यांनी 'उपभोगाची उपसंस्कृती' ही कल्पना मांडली. म्हणजे जात, वर्ग, गाव यांवरून नाही, तर एका वस्तूवरच्या निष्ठेवरून गट तयार होतो, आणि त्या गटात निष्ठेनुसार वरखाली पायऱ्या असतात. व्यक्तिस्वातंत्र्य, मर्दानगी आणि अमेरिकनपणा ही तिथली मुख्य मूल्यं त्यांना दिसली. स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या गटात पायऱ्या इतक्या पक्क्या असतात, हा या लेखातला खरा गमतीचा भाग.

*तिसरं, डॅनियल वुल्फ.* कॅनडातले मानववंशशास्त्रज्ञ. १९९१ चं त्यांचं 'द रेबेल्स' हे पुस्तक एका आउटलॉ बायकर क्लबवर आहे. ते आधी गाडी घेऊन त्या लोकांत मिसळले, ओळख-विश्वास झाला, आणि मग संशोधनासाठी परवानगी मागितली. आज तुमच्या विद्यापीठाची एथिक्स कमिटी हा क्रम मान्य करेल का? बहुतेक नाही. पण पहिल्याच दिवशी संमतिपत्र पुढे केलं असतं तर क्लबने दार उघडलं असतं का? हाही प्रश्न खराच. तुमचा विषय बंदिस्त गटाचा असेल, तर याचं उत्तर गाइडसोबत बसून आधीच शोधा.

चौथी एक कल्पना कामाची आहे : क्लॉड लेव्ही-स्ट्रॉस यांची 'ब्रिकोलाज', १९६२ ची. हाताशी असेल ते घेऊन, त्याचा मूळ हेतू बदलून नवीन काही उभं करणं. पोलिसांच्या जुन्या गाडीपासून बंडखोराची गाडी बनते, हे ब्रिकोलाजचं पाठ्यपुस्तकात शोभेल असं उदाहरण. पण जपून. ही संकल्पना इतकी सैल वापरली जाते की तिच्यात काहीही बसतं. ज्या संकल्पनेत काहीही बसतं, ती काहीच समजावत नाही.

मेळाव्यात नेमकं काय चालतं?

चॉपरवाल्यांचं जग गॅरेजमध्ये बनतं, पण टिकतं मेळाव्यांवर.

मेळावे सगळे एका जातीचे नसतात. साउथ डकोटातल्या स्टर्गिसला १९३८ पासून रॅली भरते. गाव सात-एक हजार वस्तीचं. २०१५ च्या ७५व्या रॅलीला सात लाखांहून जास्त लोक आले. पंढरपूरला आषाढीत काय होतं ते डोळ्यांसमोर आणा, अर्थात फक्त गर्दीपुरतं. स्टर्गिसला कंपन्यांचे मोठे मांडव असतात, गाण्यांचे कार्यक्रम असतात आणि बहुतेक गाड्या कारखान्यातून आलेल्या असतात.

दक्षिण कॅलिफोर्नियात २००९ पासून भरणारा 'बॉर्न फ्री' वेगळा. तिथे मान जुन्या आणि हाताने बनवलेल्या गाड्यांना. निवडक कारागिरांना निमंत्रण असतं आणि ते त्या मेळाव्यासाठी गाडी बनवतात. जपानमध्ये योकोहामाला डिसेंबरमध्ये मूनआइज कंपनीचा हॉट रॉड कस्टम शो भरतो, १९९२ पासून. कॅलिफोर्नियाची शैली जपानी कारागिरांनी इतकी आत्मसात केली की आता अमेरिकन लोक ते बघायला तिकडे जातात.

अशा ठिकाणी गाड्या चालतात कमी, उभ्या असतात जास्त. लोक काय करतात? बघतात. उकिडवे बसून वेल्ड बघतात. 'हा भाग कुठून मिळवला?' विचारतात. जुन्या सुट्या भागांचा बाजार भरतो, घासाघीस होते. आपल्याकडच्या जुन्या बाजारात असतं तेच, फक्त इथे प्रत्येक भंगाराला वंशावळ असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी चालवत आणलीस की ट्रेलरवर लादून आणलीस, हे बघितलं जातं. लांबून चालवत आलेल्या, तेल गळणाऱ्या, धुळकट गाडीला चकाचक गाडीपेक्षा जास्त इज्जत मिळू शकते. गैरसोय इथे पुरावा बनते. तू हे खरोखर जगतोस, याचा पुरावा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं एक उत्तर हाती येतं. गैरसोय असूनही गाडी आवडते असं नाही. निदान काही प्रमाणात, गैरसोय आहे म्हणून आवडते. जी गोष्ट पैसे टाकून लगेच मिळत नाही, तिच्यावरूनच आपला-परका ओळखता येतो.

याची दुसरी बाजूही तपासा. गैरसोय विकत मिळायला लागली तर काय होतं? हार्लीने १९७१ मध्ये 'सुपर ग्लाइड' काढली, म्हणजे गॅरेजमधल्या बदलांची कारखान्यातली आवृत्ती. १९८४ मध्ये 'सॉफ्टेल' काढली : दिसायला हार्डटेल, पण आत लपवलेलं सस्पेन्शन. २००० नंतर टीव्हीवर 'अमेरिकन चॉपर'सारख्या मालिका आल्या, रुंद मागच्या टायरच्या महागड्या चॉपर आल्या. 'ओल्ड स्कूल' या शब्दाला आज जे वजन आहे, ते बरंचसं या चकचकाटाच्या विरोधात उभं राहिल्यामुळे. म्हणजे 'जुनं' हे इथे काळाचं नाव नाही, बाजूचं नाव आहे. कोण कोणाच्या विरोधात 'अस्सल' हा शब्द वापरतंय, हे विचारल्याशिवाय 'अस्सल' हा शब्द तुमच्या प्रबंधात येऊ देऊ नका.

दंतकथा आणि साधनचिकित्सा

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. या विषयावरच्या तीन गोष्टी तुम्हाला प्रत्येक पुस्तकात सापडतील. तिन्ही तपासून घ्याव्या लागतात.

एक, *हॉलिस्टर, १९४७.* कॅलिफोर्नियातल्या या गावी जुलैच्या सुट्टीत मोटरसायकलवाल्यांनी धुमाकूळ घातला म्हणतात. पुरावा म्हणून 'लाइफ' मासिकात छापलेला फोटो दाखवतात : बियरच्या बाटल्यांच्या ढिगात गाडीवर बसलेला दारुडा. पण त्याच फोटोत मागे उभ्या असलेल्या एका माणसाने नंतर सांगितलं की बाटल्या गोळा करून मांडल्या गेल्या होत्या. दंगा झालाच नाही असं नाही. पण बायकरची जी प्रतिमा जगभर गेली, तिच्या मुळाशी असलेला फोटो मांडलेला होता.

दोन, *'एक टक्का'.* अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने म्हणे तेव्हा जाहीर केलं की ९९ टक्के मोटरसायकलवाले सज्जन आहेत. त्यावरून आउटलॉ क्लब स्वतःला 'वन पर्सेंटर' म्हणवतात. संस्थेचं म्हणणं, असं निवेदन आमच्या नोंदींत नाही. गंमत बघा : विधान झालं की नाही याची खात्री नाही, पण त्याचा परिणाम पूर्ण खरा. लोक आजही तो बिल्ला लावून फिरतात. संशोधक म्हणून दोन्ही नोंदवायचं.

तीन, *'ईझी रायडर'.* १९६९ चा हा सिनेमा आला आणि चॉपर जगभर पोहोचली. पीटर फोंडाची अमेरिकन झेंड्याच्या रंगाची टाकी असलेली 'कॅप्टन अमेरिका' ही बहुधा जगातली सगळ्यात प्रसिद्ध मोटरसायकल. पोलिसांच्या जुन्या, लिलावात घेतलेल्या हार्लीपासून ती बनली. कोणी बनवली? क्लिफ व्हॉन आणि बेन हार्डी. दोघेही लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय. व्हॉन नागरी हक्क चळवळीतले कार्यकर्ते होते. हार्डींचं त्या शहरात गॅरेज होतं. सिनेमाच्या श्रेयनामावलीत दोघांचीही नावं नाहीत. पुढे कित्येक दशकं ती बहुतेकांना माहीतच नव्हती.

इथे जरा थांबा. चॉपरच्या लोकप्रिय इतिहासात नायक दिसतो गोरा, दाढीवाला, एकटा. पण ओकलंडचा 'ईस्ट बे ड्रॅगन्स' हा कृष्णवर्णीयांचा क्लब १९५९ पासून आहे. हार्डी, व्हॉन, शुगर बेअर हे काही परिघावरचे लोक नव्हते; या शैलीच्या घडणीतच त्यांचा हात होता. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध चॉपरकडे बघून 'हे गोऱ्या अमेरिकेच्या बंडाचं प्रतीक' असं लिहिणारा संशोधक, बनवणाऱ्याचं नाव न विचारताच अर्थ लावत असतो. सिनेमा बघून, मासिकं वाचून केलेल्या अभ्यासात ही चूक पकडली जाणं कठीण, कारण साधनांतूनच नावं गायब आहेत. ती सापडतात मौखिक इतिहासात, गॅरेजमध्ये, वस्तीत. साधनांत कोण दिसत नाही, हा प्रश्न नीतीचा आहेच, पण तो पद्धतीचाही आहे. तो विचारला नाही तर निष्कर्षच चुकतो.

आपल्याकडे काय?

'मला महाराष्ट्रातच काम करायचंय' म्हणणाऱ्यांसाठी थोडंसं.

'फटफटी' हा शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी होता. दिल्लीत 'फटफटी' म्हणजे युद्धातून उरलेल्या हार्लीच्या मागे प्रवाशांची गाडी जोडलेली तीनचाकी. १९९०च्या दशकाच्या शेवटापर्यंत त्या रस्त्यावर होत्या. तीच कंपनी, तेच युद्ध, तोच उरलेला माल. कॅलिफोर्नियात माणसाने त्यातलं काढून टाकलं, दिल्लीत त्याला जोडलं. एकाने हौसेसाठी, दुसऱ्याने पोटासाठी. दोन्हींना 'जुगाड' म्हणून मोकळं होऊ नका. गरजेपोटीची कारागिरी आणि हौसेची कारागिरी यांची तुलना हाच एक प्रबंधाचा विषय आहे.

आपल्याकडे कायदाही वेगळा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. त्यामुळे इथे बुलेटचा फोर्क लांब करणाऱ्याशी मुलाखत करताना तुम्ही कदाचित कायदेभंगाची माहिती गोळा करत असता. नाव, गॅरेजचा पत्ता, नंबर प्लेटचा फोटो, सगळं जपावं लागेल. आणि गोव्यात रॉयल एनफिल्डचा रायडर मॅनिया भरायचा (आता त्याचं नाव मोटोव्हर्स), तो कंपनीने भरवलेला मेळावा. त्याला 'बॉर्न फ्री'च्या मापाने मोजाल तर फसाल. तो स्टर्गिसच्या जवळचा.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

विषय मोटरसायकल असो, गोधडी असो की ढोलपथक, हे चार प्रश्न लिहून भिंतीवर लावा.

१. वस्तू कशी बनते आणि कशी चालते, हे मला बनवणाऱ्याच्या भाषेत सांगता येतं का?

२. या लोकांसमोर दुसरे कोणते पर्याय होते? पर्याय नसेल तर ती आवड म्हणायची का?

३. 'अस्सल', 'जुनं', 'खरं' हे शब्द कोण, कोणाच्या विरोधात वापरतंय?

४. माझ्या साधनांत कोणाचं नाव नाही, आणि ते शोधायला मला कुठे जावं लागेल?

आणि मुलाखतीत 'तुम्हाला हे का आवडतं?' असं थेट विचारू नका. 'स्वातंत्र्य', 'पॅशन' अशी तयार उत्तरं मिळतात. त्याऐवजी विचारा, 'या गाडीतला कुठला भाग मिळवायला सगळ्यात जास्त वेळ लागला?' मग रेकॉर्डर चालू ठेवा आणि गप्प बसा. पुढचा तासभर समोरचा माणूस बोलत राहील, आणि तुमचं उत्तर त्यात असेल.